हालिनाबाईंचा शनिवारचा तास

मी विलायतेला जाऊन आले त्याला आता चार वर्षं होतील. आल्याआल्या सांगलीच्या वाचनालयात माझं भाषण झालं. त्यात मी राजवाडा, संग्रहालयं, एडिनबराचा किल्ला आणि तिकडच्या लोकांची रांगेची शिस्त यांवर तासभर बोलले. टाळ्या पडल्या. पण जे सांगायला हवं होतं ते मी त्या दिवशी सांगितलं नाही. ते आता लिहिते.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी तीस वर्षं कॉलेजात युरोपचा इतिहास शिकवला आणि तोही युरोप न पाहता. पोलंड हा माझा हातखंडा धडा. फळ्यावर पोलंडचा नकाशा काढायचा, रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी त्याचे लचके कसे तोडले ते तीन रंगांच्या खडूंनी दाखवायचं आणि शेवटी उरलेला तुकडा डस्टरने पुसून टाकायचा. मग मी विचारायची, "देश नकाशावरून गेला. मग सव्वाशे वर्षं तो राहिला कुठे?" उत्तरही मीच द्यायची. घराघरांत राहिला. उठाव फसले, जमिनी गेल्या, तशी जमीनदारांची मुलं शहरात आली. त्यांतले कोणी शिक्षक झाले, कोणी डॉक्टर, वकील, कारकून. आणि याच शिकलेल्या लोकांनी भाषा आणि इतिहास जपून ठेवला, मुलींसाठी घरोघरी फिरतं विद्यापीठसुद्धा चालवलं. परीक्षेत एक वर्षाआड प्रश्न यायचाच: पोलंडच्या राष्ट्रीय जागृतीत सुशिक्षित वर्गाची भूमिका विशद करा. दहा गुण. त्याची उत्तरं तपासून तपासून माझी तांबडी पेनं संपली.

१९८९ साली मी निवृत्त झाले आणि लेकीने एडिनबराहून तिकीट पाठवलं.

स्टॅनमोर

पहिले चार दिवस लंडनजवळ स्टॅनमोरला माझ्या भाच्याकडे, सुहासकडे होते. सकाळी तो आणि त्याची बायको नीलिमा दोघंही ट्रेनने ऑफिसला जायची. मग घरात मी आणि टीव्ही. संध्याकाळी नीलिमा पिटा ब्रेडबरोबर भरली वांगी वाढायची आणि ते बेमालूम जमायचं, हे कबूल करते.

त्या उन्हाळ्यात पोलंडमध्ये संपवाल्या कामगार संघटनेचं सरकार आलं होतं आणि पंतप्रधान झाले होते चक्क एक संपादक. बातम्यांत ते दिसले आणि मी ओरडलेच, "सुहास, बघ! संपादक! मी वर्गात सांगायची तेच झालं!"

"मावशी, रिलॅक्स. कोणालाही वाटेल, तुझ्याच घरी कार्य आहे," सुहास म्हणाला. "तू एडिनबराला मेधाकडे चालली आहेस ना? तिथे वॉरनंतर राहिलेले बरेच पोलिश लोक आहेत. भेट की एखाद्याला."

मी मनाशी ठरवून टाकलं, खऱ्याखुऱ्या पोलिश विद्वानाला भेटल्याशिवाय परत यायचं नाही. माझ्या डोळ्यांसमोर दाढी, पाइप आणि चामड्याच्या खुर्चीतला कोणी वृद्ध गृहस्थ होता. तसा कोणी मला शेवटपर्यंत भेटला नाही.

एडिनबरा

मेधा तिथल्या हॉस्पिटलात भूल देते, जावई शिरीष विमा कंपनीत आहे आणि नात रिया दहा वर्षांची. गावात उतरल्याबरोबर दोन गोष्टी अंगावर येतात, वारा आणि दारूच्या भट्ट्यांकडून येणारा भाजलेल्या धान्याचा वास. वास मला आवडला. वाऱ्याने पहिल्याच दिवशी माझा पदर शेजारच्या बागेच्या कुंपणात अडकवला आणि रिया हसून हसून फुटपाथवर बसली.

मेधाने सेलमधून माझ्यासाठी कोट आणला होता. बाह्या चार बोटं लांब, खालची कड घोट्यापर्यंत.

"आई, तू दिसतच नाहीस गं, नुसता कोट चालतोय असं वाटतं," ती म्हणाली. "लीथ वॉकवर एक बाई ऑल्टरेशन्स करतात. हालिना. माझ्या सगळ्या ट्राउझर्स त्याच करतात. पोलिश आहेत."

"पोलिश?"

"हो. पण शिवणकाम करतात गं त्या. प्लीज, तिथे लेक्चर देऊ नकोस."

मी दिलं.

तीन मजले गोल दगडी जिना चढून गेले तर दारात एक ठेंगणी, ताठ, पांढऱ्या केसांची बाई. गळ्यात टेप. तिने मला स्टुलावर उभं केलं, तोंडात पाच-सहा टाचण्या धरल्या आणि खाली बसून कोटाची कड दुमडायला लागली. आमचं बोलणं इंग्रजीतच होणार होतं, तिचंही शिकलेलं, माझंही शिकलेलं. मी विचारलं, "तुम्ही पोलंडच्या ना?" तिने मान हलवली. तोंडात टाचण्या असलेला श्रोता मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळत होता. मी पोलंडच्या पहिल्या फाळणीपासून सुरुवात केली. दुसरी झाली. तिसऱ्या फाळणीला मी हातवारे करायला लागले, तेव्हा तिने टाचण्या काढून म्हटलं, "सरळ उभ्या राहा, प्लीज."

खरं सांगते, मला तेव्हा वाटलं, बिचारीला आपल्याच देशाचा इतिहास कोणी नीट सांगितला नसावा.

निघताना तिने विचारलं, "तुम्ही शिक्षिका?"

"प्रोफेसर," मी म्हटलं.

"आमच्याकडे शाळेतल्या शिक्षिकेलाही प्रोफेसरच म्हणतात," ती म्हणाली. "पुढच्या मंगळवारी दुसरं फिटिंग, पानी प्रोफेसर." पानी म्हणजे बाई. मला ते फार आवडलं. घरी जाऊन मी रियाला दोनदा सांगितलं.

मंगळवारी मी दिवाळीच्या फराळातला चिवडा डब्यात घालून नेला. बाहेरच्या खोलीत कोणाचं तरी लग्नाचं झगझगीत पांढरं कापड पसरलं होतं, म्हणून हालिनाबाईंनी मला आत नेलं. आतली खोली जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकांनी भरलेली होती. खिडकीची चौकट तेवढी मोकळी. मी उभीच राहिले.

"ही... कोण वाचतं?"

"मी. आणि शनिवारी मुलं."

त्यांनी काचेच्या पेल्यात लिंबाची चकती घातलेला कोरा चहा दिला आणि खसखशीच्या सारणाची गुंडाळी कापली. सारण पुरणपोळीला लाजवेल इतकं भरघोस. चिवडा त्यांनी चमच्याने, एकेक शेंगदाणा न्याहाळत खाल्ला. मोहरी वेचून बशीच्या कडेला ठेवली, मिरची मात्र निर्धास्तपणे चावली आणि पुढची पाच मिनिटं आमचं बोलणं बंद पडलं.

ठसका थांबल्यावर मी उगीच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "शिवण कुठे शिकलात?"

"वॉर्सात. इतिहासाच्या तासाला."

मला वाटलं, त्या थट्टा करताहेत. मग त्यांनी सांगितलं ते असं. वडील लॅटिनचे शिक्षक. जर्मनांनी गाव घेतल्यावर विद्यापीठ आणि वरच्या शाळा बंद केल्या, प्रोफेसरांना आणि शिक्षकांना धरून नेलं. वडील त्यांतच गेले. शिकलेली माणसं संपली की देश संपतो, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. शिवणकामाचे वर्ग मात्र चालू द्यायचे, कारण कपडे सगळ्यांनाच लागतात. म्हणून सहा मुली आणि एक शिक्षिका शिवणवर्ग म्हणून जमायच्या, दर वेळी वेगळ्या मुलीच्या घरी. एकदम यायचं नाही, दहा-दहा मिनिटांनी एकेकीने यायचं. टेबलावर कापड, मांडीवर पुस्तक. दारावरची घंटा वाजली की पुस्तक कापडाखाली आणि सुया वर.

"एकच ब्लाउज आम्ही दोन वर्षं शिवत होतो," हालिनाबाई म्हणाल्या. "शिवायचा, उसवायचा, पुन्हा शिवायचा. टाका चांगला बसला."

"आणि शिक्षिका?"

"प्रोफेसर यादविगा. एका गुरुवारी त्या आल्या नाहीत. शिक्षिका येत नाही याचा आमच्याकडे एकच अर्थ होता. पूर्ण तासभर बसून शिवलं आणि एकेक करून घरी गेलो. त्या परत कधी आल्याच नाहीत. सगळ्यांत मोठी मी होते, एकवीस वर्षांची. पुढच्या गुरुवारी मी शिकवलं. त्यांनी जिथे सोडलं होतं त्याच्या पुढच्या पानापासून."

लढाईच्या शेवटी त्या जर्मनीतल्या कैद्यांच्या छावणीत होत्या. सुटल्यावर स्कॉटलंडमध्ये राहिलेल्या एका पोलिश सैनिकाशी लग्न झालं. तो कायद्याचा पदवीधर. इथे हॉटेलच्या मुदपाकखान्यात त्याने आयुष्यभर भांडी घासली आणि संध्याकाळी टाय लावून पुस्तक वाचत बसला. हालिनाबाईंनी शिक्षिकेची नोकरी मागितली तर विचारलं गेलं, शिवता येतं का?

"येत होतं," त्या म्हणाल्या.

मला माझं स्टुलावरचं व्याख्यान आठवलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, "नाही, नाही. दुसऱ्या फाळणीचं तुम्ही छान सांगितलंत. म्हणून तर तुम्हाला एक विचारायचं आहे."

चर्चच्या मागच्या हॉलमध्ये त्या दर शनिवारी पोलिश मुलांना भाषा आणि इतिहास शिकवत होत्या. एकेकाळी हॉल भरायचा. आता पाच मुलं उरली होती, नातवंडांच्या पिढीतली, पोहण्याचा क्लास सोडून कुरकुरत येणारी. येत्या शनिवारी तासानंतर पालकांची बैठक होती, वर्ग नाताळनंतर चालू ठेवायचा की नाही हे ठरवायला.

"मुलं म्हणतात, हे सगळं फक्त आमच्या आजीचं वेड आहे," हालिनाबाई म्हणाल्या. "तुम्ही या. त्यांना सांगा की तुमच्याकडेही शिकलेल्या लोकांनी हेच केलं. स्वतःच्या आजीचं मुलं ऐकत नाहीत, दुसऱ्याच्या आजीचं ऐकतात."

सांगण्यासारखं माझ्याकडे खरोखर होतं. माझ्या वडिलांनी सरकारी नोकरी नाकारून गावात शाळा काढली, पोटापुरत्या पगारावर वीस वर्षं शिकवण्याची शपथ घेतली आणि पाळली. पहिला वर्ग मारुतीच्या देवळात भरायचा. मी हे सांगितलं तेव्हा हालिनाबाई पुढे सरकून बसल्या. "हेच," त्या म्हणाल्या. "हेच सांगा. देऊळसुद्धा सांगा."

"शनिवारी दहा वाजता," मी म्हटलं.

"नक्की?"

मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "शिक्षकाचा शब्द."

ग्लासगो

गुरुवारी फोन वाजला. शिरीषचे ग्लासगोचे मित्र, डॉक्टर सबनीस. तिथल्या मराठी मंडळींचा दिवाळीचा कार्यक्रम शनिवारी होता आणि लंडनहून येणाऱ्या पाहुण्यांनी ऐनवेळी नकार कळवला होता.

"बाई, तुम्हीच चीफ गेस्ट म्हणून या. नाही म्हणू नका. हॉल बुक आहे, दीडशे लोकांचा कॅटरर सांगितलाय. तुमच्यासारखी विदुषी इथे आलेली असताना आम्ही दुसरीकडे कुठे बघायचं?"

"विदुषी" या शब्दाने माझा घात केला. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या सत्कारांना सूत्रसंचालन केलं होतं. माझा स्वतःचा सत्कार निवृत्तीच्या दिवशी झाला तो स्टाफरूममध्ये, सामोसे आणि भिंतीवरचं घड्याळ. मी म्हटलं, "बरं, बघते." अशा बाबतीत "बघते" म्हणजे काय ते आपल्याला सगळ्यांना माहीत आहे.

मेधा म्हणाली, "आई, पण शनिवारी तुझं हालिनांकडे होतं ना?"

"फोन करून सांगते मी त्यांना."

शुक्रवारी दुपारी मी फोन केला. एंगेज होता. तो टूं-टूं आवाज ऐकून मला हायसं वाटलं, हे लिहितानाही लाज वाटते. नकार देण्यापेक्षा नकार द्यायचा प्रयत्न केल्याचं समाधान सोपं असतं. मी पुन्हा फोन केला नाही. पैठणीला इस्त्री करायची होती.

शनिवारी नऊला आम्ही गाडीतून निघालो. वाटेवर टेकड्या तांबूस झाल्या होत्या, मेंढ्या होत्या, पाऊस येऊन जाऊन होता. मी मागच्या सीटवर भाषणाची टाचणं वाचत होते. दहा वाजता मी घड्याळ पाहिलं. मग घड्याळ बाहीखाली सरकवलं.

कार्यक्रम झकास झाला. रांगोळी, पणत्या, मसालेभात. हार, शाल, श्रीफळ. नारळ कुठून मिळवला देव जाणे. सबनीसांनी विषय सुचवला होता, "सुशिक्षितांची जबाबदारी". आणि मी काय बोलले? मी हालिनाबाईंचा शिवणवर्ग सांगितला. मांडीवरचं पुस्तक, दोन वर्षं शिवलेला ब्लाउज, यादविगाबाई, पुढचं पान. माझा आवाज नेमक्या जागी भरून आला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. मी म्हटलं, "त्या माउलीने बंदुकांच्या छायेत आपली भाषा जपली. आपण इथे शनिवारी एक तास मराठीचा वर्ग काढू शकत नाही?" केवढ्या टाळ्या! सगळ्यांनी वर्ग काढायचं मान्य केलं. माझ्या माहितीप्रमाणे तो वर्ग अजून निघालेला नाही.

जेवताना रियाने विचारलं, "आजी, ती लेडी आली का नाही? तिचा स्टोरी होता ना?"

"तिचं आज दुसरीकडे काम आहे," मी म्हटलं.

पुन्हा एडिनबरा

सोमवारी कोट आणायला गेले. जिना चढताना मी वाक्य जुळवत होते. खरं सांगायचं, माफी मागायची, हे पक्कं ठरलं होतं. गुरुवारचं परतीचं विमान होतं, म्हणजे दुसरा शनिवार माझ्याकडे नव्हता. पण निदान सोमवारी खरं बोलता आलं असतं.

दार उघडलं आणि हालिनाबाईंनी माझे दोन्ही दंड धरले. "देवा! तुम्ही बऱ्या आहात!"

त्या शनिवारी मुलं पावणेदहालाच आली होती. त्यांनी हिंदुस्थानचा नकाशा काढून भिंतीला लावला होता. माझ्यासाठी हात असलेली खुर्ची मांडली होती. सव्वादहा झाले, साडेदहा झाले. हालिनाबाईंनी मुलांना उठू दिलं नाही. शिक्षिकेला पूर्ण तास द्यायचा असतो, असा त्यांचा नियम. मुलं तासभर खुर्चीकडे बघत बसली. मग पालक आले. हालिनाबाईंनी बैठक मध्येच सोडली आणि चर्चच्या ऑफिसातून मेधाच्या घरी तीनदा फोन लावला. कोणी उचलला नाही. मग त्यांनी हॉस्पिटलला फोन केला आणि विचारलं की या नावाच्या भारतीय बाईंना अपघात होऊन आणलंय का.

"काय झालं होतं?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या चेहऱ्यावर राग नावालाही नव्हता. रागावल्या असत्या तर मी खरं बोलले असते असं मी स्वतःला सांगते. त्यांना एकच काळजी होती. शिक्षिका आली नाही, म्हणजे तिचं काहीतरी बरंवाईट झालं. दुसरं कारण त्यांच्या डोक्यात येतच नव्हतं.

मी म्हटलं, "ताप होता."

त्यांनी मला खुर्चीत बसवलं, गुडघ्यांवर शाल घातली आणि रासबेरीचा पाक घालून गरम चहा आणला. तापावर त्यांच्याकडे हाच उपाय. मी तो प्याले. गोड होता. ग्लासगोची शाल मेधाच्या कपाटात घडी घालून ठेवली होती आणि इथे दुसरी शाल माझ्या गुडघ्यांवर होती. निघताना त्यांनी पाकाची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत घातली. कोट अंगात घालून पाहिला, बोटभरही चूक नव्हती. बैठकीत काय ठरलं ते मी विचारलं नाही.

सांगली

जानेवारीत त्यांचं पाकीट आलं. पालकांनी हॉल सोडायचं ठरवलं होतं. एक पालक म्हणाले म्हणे, पाहुण्यांनासुद्धा यावंसं वाटलं नाही, मुलांवर कशाला सक्ती करायची? "मी त्यांना लगेच थांबवलं," हालिनाबाईंनी लिहिलं होतं, "आणि सोमवारनंतर सगळ्यांना घरी फोन करून सांगितलं, त्या तापाने आजारी होत्या, नाहीतर नक्की आल्या असत्या." पाचांतली तीन मुलं टिकली होती. आता वर्ग त्यांच्या घरी भरतो, शिवणाच्या टेबलाभोवती. "अगदी जुन्यासारखा," असं लिहून त्यांनी पुढे पोलंडमधल्या बातम्यांबद्दल आनंदाने दोन पानं लिहिली होती. पोलंडला परत जाणार का, असं मी त्या मंगळवारी विचारलं होतं, त्याला उत्तर होतं, "तिकडे आता शिक्षक आहेत. इकडे मुलं आहेत."

सोबत मुलांनी केलेलं कार्ड होतं. लवकर बऱ्या व्हा. वर हिंदुस्थानचा नकाशा, त्यात सांगली पार ओरिसात गेलेली, आणि खाली पाच सह्या. सोडून गेलेल्या दोघांच्याही. सगळ्यांत खाली हालिनाबाईंच्या ताठ अक्षरात: "तुमचा तास राखून ठेवला आहे."

या चार वर्षांत मी तीन पत्रं सुरू केली. तिन्हींत खरं लिहायचं होतं. तिन्ही हवापाण्याची विचारपूस करून पाठवली. दर नाताळला त्यांचं पत्र येतं आणि पहिल्याच ओळीत माझ्या तब्येतीची चौकशी असते. कोट कपाटात आहे. सांगलीत तो घालायची वेळ येत नाही.

आज हे सगळं एकदाचं लिहून काढलं. मराठीत लिहिलं, म्हणजे त्यांना वाचता येणार नाही. तेवढी काळजी मी अजूनही घेतेच.